हवालदाराच्या नोकरीची २४ वर्षं भरत आली की: फौजेतल्या एक्सटेन्शनची तयारी

फौजेत दोन वर्षांचं एक्सटेन्शन, म्हणजे ठरलेल्या नोकरीपुढची वाढीव मुदत, गळ घालून मिळत नाही. नोकरीची मर्यादा जवळ आली की पलटणीत स्क्रीनिंग बोर्ड बसतं, तुमचे कागद वाचतं आणि ठरवतं. तुम्ही माणूस म्हणून किती चांगले, दरबारात आवाज किती खणखणीत, मेजर साहेबांचा तुमच्यावर किती जीव, यातलं काही त्या टेबलावर येत नाही. टेबलावर येतं ते तुमचं डोझियर, म्हणजे नोकरीच्या कागदपत्रांची फाईल. त्यात जे लिहिलंय ते गेल्या कित्येक वर्षांत लिहून झालेलं असतं आणि बोर्डाच्या आठवड्यात त्यातली एक ओळही बदलता येत नाही. म्हणून तयारी निदान तीन वर्षं आधी सुरू करावी लागते.

मी पायदळात क्लार्क म्हणून भरती झालो आणि सुभेदार होऊन पेन्शनीवर आलो. मधली बरीच वर्षं हेड क्लार्कच्या खुर्चीत गेली, त्यामुळे या बोर्डांचे कागद माझ्या हाताखालून जायचे. आजही ओळखीतले जवान सुट्टीवर आले की हाच विषय काढतात. बहुतेक जण येतात तेव्हा सहा-आठ महिने उरलेले असतात. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फार थोडं असतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी स्वतःची तारीख काढा

प्रत्येक रँकला नोकरीची मर्यादा वेगळी आहे. शिपायाला १७ वर्षं, नाईकाला २२, हवालदाराला २४, नायब सुभेदाराला २६, सुभेदाराला २८ आणि सुभेदार मेजरला ३२. स्क्रीनिंग पास झालं की या प्रत्येकावर २ वर्षं वाढतात. ही दोन वर्षांची सोय १९९८ मध्ये आली. तेव्हा केंद्र सरकारच्या नागरी नोकरांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० झालं होतं, आणि त्याच सुमारास फौजेलाही दोन वर्षं मिळाली. फक्त फौजेत त्याला स्क्रीनिंगची अट लागली. रिसाल्यातल्या भावांनी हवालदाराच्या जागी दफादार आणि सुभेदाराच्या जागी रिसालदार वाचावं, हिशोब तोच.

वर्षांच्या मर्यादेबरोबर वयाचीही मर्यादा चालते: नाईक आणि हवालदाराला ४९, नायब सुभेदार आणि सुभेदाराला ५२, सुभेदार मेजरला ५४. जी आधी भरेल ती लागू. सुभेदार मेजरना यावर त्या पदाची चार वर्षांची मुदतही आहे. पण साडेसतरा ते एकवीस या वयात भरती झालेल्याला वयाची मर्यादा सहसा आडवी येत नाही. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला हवालदार एक्सटेन्शन धरून २६ वर्षं करतो तेव्हा तो पंचेचाळिशीत असतो, ४९ अजून लांब असतं. त्यामुळे ‘माझं वय तर अजून चार वर्षं शिल्लक आहे’ या हिशोबावर कुणी विसंबू नये. घरी बसवते ती नोकरीची वर्षं.

तारीख काढताना दोन गोष्टी बघा. पहिली, रजा संपल्यावर उशिरा हजर झालेले दिवस, गैरहजेरी, डिटेन्शन. यातला जो काळ पेन्शनेबल नोकरीत धरलेला नाही तो वजा होतो, म्हणून भरतीच्या तारखेत सरळ २४ मिळवून आलेली तारीख आणि रेकॉर्ड ऑफिसची (प्रत्येक जवानाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाची) तारीख यांत कधीकधी फरक निघतो. खरी तारीख रेकॉर्ड ऑफिसची. दुसरी, एमएसीपी. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आठ, सोळा आणि चोवीस वर्षांना पगाराचा जो वरचा टप्पा मिळतो तो फक्त पगाराचा. नाईकाला एमएसीपीने हवालदाराचा पगार सुरू झाला, लोक त्याला हवालदार म्हणून हाक मारू लागले, तरी त्याची नोकरीची मर्यादा नाईकाचीच राहते. पलटणीत हे माहीत असतं, घरी माहीत नसतं. मग घराचं कर्ज २४ वर्षांच्या हिशोबाने काढलेलं असतं आणि माणूस २२ व्या वर्षी ट्रंक घेऊन दारात उभा राहतो.

२०२२ नंतर अग्निवीर म्हणून आलेल्या मुलांना यातलं काही लागू नाही. त्यांची चार वर्षं आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांची निवड हा वेगळा रस्ता आहे.

बढती मिळाली तर मर्यादाच सरकते

एक्सटेन्शनने दोन वर्षं मिळतात. बढतीने मर्यादा स्वतःच पुढे जाते आणि त्या नव्या मर्यादेवर पुन्हा एक्सटेन्शनची दोन वर्षं उघडतात. हवालदार २४ वर्षांच्या आत नायब सुभेदार झाला तर त्याच्यासमोर २६ आणि २८ येतात. मी प्रत्येकाला आधी हेच विचारायचो: तुझा कॅडर (बढतीसाठीचा कोर्स) झाला का? मॅप रीडिंग पास आहेस का? शिक्षणाचं सर्टिफिकेट डोझियरला लागलंय का? पास होऊन बसलेले, पण पार्ट टू ऑर्डर (नोंद अधिकृत करणारा लेखी हुकूम) न निघालेले जवान मी बरेच पाहिलेत. रेकॉर्ड ऑफिसच्या दृष्टीने ऑर्डर निघाली नाही म्हणजे परीक्षा झालीच नाही.

आता एक बारीक गोष्ट, जी समजून घेतल्याशिवाय एक्सटेन्शनची किंमत कळत नाही. फौजेत माणूस महिन्याच्या शेवटच्या दिवशी पेन्शनीवर जातो आणि त्याची जागा रिकामी धरली जाते ती पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. समजा तुमच्या वरचे सुभेदार ३१ जुलैला निघाले. त्यांच्यामुळे सरकणारी साखळी १ ऑगस्टला हलणार. सीनिऑरिटीत तुम्ही पहिले आहात, पण तुमचीही तारीख ३१ जुलैच आहे. एका रात्रीने नायब सुभेदारी हुकते. कोर्टकचेऱ्या करूनही अशा प्रकरणात हाती काही येणं कठीण असतं, कारण १ ऑगस्टला तुम्ही फौजेत नसता. एक्सटेन्शन मंजूर असेल तर तुम्ही १ ऑगस्टला हजर असता आणि बढती तुमची होते. म्हणून ज्याच्या वर दोन-तीनच माणसं उरली आहेत त्याने वरच्यांच्या निवृत्तीच्या तारखा एका कागदावर मांडून बघाव्यात. त्या कुणापासून लपवलेल्या नसतात. हेड क्लार्कला विचारा, तो सांगेल. नाही सांगितलं तर सुभेदार मेजर साहेबांना विचारा.

बढतीला नकार देऊन बसणारेही असतात. मुलाची दहावी आहे, पोस्टिंग नको, घराजवळचं एनसीसी सोडायचं नाही, कारणं खरी असतात. पण बढती नाकारलेल्याची एमएसीपीही अडते आणि डोझियरमध्ये तो नकार कायमचा बसतो. एक-दोन वर्षांच्या सोयीसाठी ही सही करू नका, असं मी आजही हात जोडून सांगेन.

शेप वन

निम्म्याहून जास्त चर्चा इथे अडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक्सटेन्शनला मेडिकल कॅटेगरी बघतात. शेप वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, असाल तर मेडिकलचा प्रश्न सुटला. लढाईत जखमी झालेल्यांचा विचार वेगळा होतो. बाकी लो मेडिकल कॅटेगरीतल्या माणसाचा रस्ता अरुंद आहे, आणि त्याला नेमकं काय लागू होतं हे चालू पॉलिसी लेटरमध्ये त्याच्या कॅटेगरीसमोर वाचायला हवं. ते लेटर युनिटच्या ऑफिसात असतं. मित्राच्या युनिटमध्ये तीन वर्षांपूर्वी काय झालं यावर जाऊ नका. सुधारणा येत राहतात.

चाळिशीच्या आसपास हवालदार कॅटेगरीत पडतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी: ब्लडप्रेशर, साखर आणि वजन. यातलं वजन पूर्ण आपल्या हातात आहे, आणि उरलेल्या दोघांची वाटही बऱ्याचदा वजनातूनच जाते. शिपाई असताना रोज पीटीला पळणारा माणूस हवालदार झाला, स्टोअरमध्ये किंवा मेसवर बसला की पाच वर्षांत पोट सुटतं. वार्षिक मेडिकलला डॉक्टर साहेब ‘वजन कमी कर’ म्हणतात, तो ‘जी साब’ म्हणतो आणि पुढच्या वर्षी टेम्पररी कॅटेगरी लागते. बोर्डाच्या तीन वर्षं आधीपासून रोज पळायला लागा. फौजेच्या शारीरिक चाचण्यांचे निकालही डोझियरला लागतात, म्हणजे त्याच पळण्याचा दुहेरी उपयोग आहे. सरावाशिवाय एकदम पाच किलोमीटर पळायला जाऊन गुडघा धरून बसलेले आणि त्या गुडघ्यानेच कॅटेगरीत गेलेले जवानही मी पाहिलेत, तेव्हा सुरुवात बेताने करा.

टेम्पररी कॅटेगरीत असाल तर रिव्ह्यूची तारीख स्वतः लक्षात ठेवा. टेम्पररी चोवीस म्हणजे चोवीस आठवडे. ती तारीख येते तेव्हा तुम्ही सुट्टीवर असता, नाहीतर पोस्टवर असता, किंवा मिलिटरी हॉस्पिटलमध्ये स्पेशालिस्ट नसतो. रिव्ह्यू राहून जातो आणि कागदावर तुम्ही आजारीच राहता. शरीर कधीच बरं झालेलं असतं, पण बोर्डासमोर जुनी कॅटेगरी येते. रिव्ह्यूच्या महिनाभर आधी आपल्या कंपनी सीनिअर जेसीओंना सांगा आणि तारखेच्या हिशोबाने सुट्टी मागेपुढे करून घ्या. रिव्ह्यू होऊन शेप वन मिळालं की तेवढ्यावर थांबू नका. अपग्रेडेशनचा पार्ट टू ऑर्डर निघाला का, नंबर काय, तारीख काय, हे डायरीत लिहून ठेवा.

एक काम मात्र करू नका. एक्सटेन्शन हुकेल म्हणून आजार लपवू नका. बाहेरच्या डॉक्टरकडून गोळ्या घेऊन, मेडिकलच्या दिवशी उपाशी राहून शेप वन टिकवणारे असतात. आधी जिवाची भीती, कारण त्याच माणसाला उद्या उंचावरच्या पोस्टवर पाठवलं जातं. शिवाय पुढे जाताना रिलीज मेडिकल बोर्ड होतं, आणि नोकरीत झालेल्या आजारावर डिसॅबिलिटी मिळायची असेल तर त्या आजाराची सुरुवात आणि इलाज सर्व्हिस रेकॉर्डमध्ये दिसायला लागतात. लपवलेल्या आजाराचा कागदच नसतो. दोन वर्षांसाठी आयुष्यभराचा हक्क जाऊ शकतो. आजार असेल तर वेळेवर दाखवा, इलाज घ्या, कॅटेगरी वर आणायचा प्रयत्न करा. ती नाही आली तर सन्मानाने पेन्शनीवर या.

रेड इंक आणि एसीआर

रेड इंक एन्ट्री, म्हणजे लाल शाईतल्या शिक्षेच्या नोंदी, किती आणि कधीच्या, हे बोर्ड बघतं. जुनी, शिपाई असतानाची एखादी एन्ट्री आणि गेल्या दोन वर्षांतली एन्ट्री यांचं वजन सारखं नसतं. शिक्षा पुसता येत नाही, पण शेवटची पाच वर्षं स्वच्छ ठेवणं प्रत्येकाच्या हातात आहे.

आपल्या माणसांच्या शीट रोलवर (नोकरीच्या नोंदपत्रावर) बहुतेक लाल शाई येते ती ओव्हरस्टेने, म्हणजे सुट्टी संपूनही उशिरा परतल्याने. दारू आणि भांडणं त्यामागून. सुट्टीवर असताना आई दवाखान्यात गेली, लग्न पुढे ढकललं, पुराने रस्ता बंद झाला, आणि जवान तसाच थांबला. थांबावं लागलं तर सुट्टी संपायच्या आत युनिटला फोन करा आणि कुणाशी बोललात, किती वाजता, ते लिहून ठेवा. मेसेज पाठवा, म्हणजे पुरावा राहील. स्वतः आजारी असाल तर जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला कळवा; तिथवर जाता येत नसेल तर सरकारी दवाखान्यात दाखल व्हा आणि कागद सांभाळा. कंपनी कमांडर साहेबांना आधी कळलं तर सुट्टी वाढवून मिळू शकते. तेच त्यांना तीन दिवसांनी कळलं तर चार्ज लागतो. घडलेली गोष्ट एकच, पण एका फोनने तिचा निकाल बदलतो.

एसीआरबद्दल, म्हणजे वरिष्ठांनी दरवर्षी लिहिलेल्या गोपनीय अहवालाबद्दल, थोडंच सांगतो. प्रतिकूल शेरा असेल तर तो तुम्हाला कळवावा लागतो. सही करायच्या आधी वाचा, इंग्रजी कळत नसेल तर वाचून घ्या. त्यावर दाद मागायची असेल तर ती तेव्हाच, वेळेत. बोर्डाने त्याच शेऱ्यावर नाव कापल्यावर जुनं गाऱ्हाणं कुणी उघडत नाही.

पोस्टिंग आणि हरवलेले कागद

शेवटच्या चार-पाच वर्षांत हवालदार राष्ट्रीय रायफल्समध्ये, एनसीसीत, सेंटरमध्ये, कुठेतरी बाहेर असतो. कागद पलटण, नवी जागा आणि रेकॉर्ड ऑफिस अशा तीन ठिकाणी फिरतात. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महारवाल्यांचं सागरला. सुट्टीवर जाता-येता रस्त्यात असेल तर परवानगी काढून एकदा तिथे स्वतः जाऊन आपले दस्तावेज बघा. जायला जमत नसेल तर युनिटमार्फत आपल्या पार्ट टू ऑर्डरांची यादी मागवून ताडून बघा.

ताडताना पुढच्या गोष्टी हाताने खूण करत जा: कोर्स, कॅडर, परीक्षा, मेडिकलचे सगळे बदल, बढतीच्या तारखा, शिक्षा. शिक्षेबद्दल खास सांगतो, कारण कधीकधी नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याची एन्ट्री आपल्या नावावर चढलेली असते. लग्न, मुलांचे जन्म आणि बायकोचं नाव हेही याच वेळी बघून घ्या. एक्सटेन्शनशी त्याचा संबंध नाही, पण पेन्शनशी आहे. आधारवर ‘सुनीता’ आणि शीट रोलवर ‘सुनिता’ असेल तर ते आजच दुरुस्त करा. फॅमिली पेन्शनच्या वेळी ती वेलांटी सोडवायला तुम्ही नसाल.

जन्मतारखेच्या मागे लागू नका. भरतीच्या वेळी लिहिलेली तारीख नोकरीच्या शेवटी बदलून मिळत नाही. गावातला कुणी एजंट ‘करून देतो’ म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आमदार-खासदारांची चिठ्ठीही नको. फौजेत बाहेरून वजन आणणं हाच गुन्हा धरला जातो. एक्सटेन्शनच्या कुठल्याही टप्प्यावर एक रुपयाही फी नाही.

विलिंग की अनविलिंग

बोर्डाच्या आधी तुमच्याकडून सर्टिफिकेट घेतात: पुढे नोकरी करायची इच्छा आहे की नाही. ही सही मी अनेकांना रोल कॉलनंतर उभ्याउभ्या, पेन उसना घेऊन करताना पाहिलं आहे. अनविलिंग लिहून दिलं की ते शेवटचं समजायचं. सहा महिन्यांनी मन बदललं, वर जागा निघाली, मुलीचं लग्न ठरलं, तरी तो कागद परत येत नाही. घरी बोलल्याशिवाय सही करू नका. ऑफिसमध्ये दोन दिवस मागा, कुणी नाही म्हणत नाही.

घरी बोलताना आकडे समोर ठेवा. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात हवालदाराचा लेव्हल ५ आहे. समजा मूळ पगार ४०,४०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००. आज निघालात तर पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे २२,८००, अधिक महागाई. दोन वर्षं आणि दोन इन्क्रिमेंट पुढे मूळ पगार ४२,८०० होतो आणि पेन्शन २४,०००. फरक १,२०० रुपये अधिक त्यावरची महागाई, आणि तो जन्मभर. ग्रॅच्युइटी दर सहा महिन्यांना पाव महिन्याच्या हिशोबाने चालते, म्हणजे दोन वर्षांत आणखी एका महिन्याच्या पगाराएवढी वाढते. वन रँक वन पेन्शनचा तक्ता रँक आणि नोकरीची वर्षं यांवर आहे, तिथेही तुमची ओळ बदलते. आणि ती दोन वर्षं निम्म्या पेन्शनऐवजी पूर्ण पगार हातात येतो, तो वेगळाच.

नाईकाने २४ वर्षांच्या तिसऱ्या एमएसीपीचा हिशोब हेड क्लार्ककडून तारखेनिशी करून घ्यावा. २२ वर एक्सटेन्शन मिळालं तर तो त्या उंबरठ्यापर्यंत पोचतो, पण शेवटच्या महिन्यातल्या तारखा महत्त्वाच्या ठरतात.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. महाराष्ट्रात गट क आणि ड च्या सरकारी भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, केंद्रात आणि बँकांतही जागा आहेत. नोकरी संपायला वर्ष उरलं की युनिटची परवानगी घेऊन अर्ज करता येतो. चाळिशीच्या आत बाहेर पडणाऱ्याला अभ्यासाची सवय लवकर लागते, अंगात पळापळीची ताकद असते. शिपाई १७ वर्षांवर निघत असेल, पदवी पूर्ण असेल आणि तो खरोखर अभ्यासाला बसणार असेल, तर एक्सटेन्शन सोडणं हा शहाणा निर्णय असू शकतो. पण ‘बघू काहीतरी’ एवढीच योजना असेल तर दोन वर्षं घ्या. तेवढ्यात पदवी पूर्ण करा, रीसेटलमेंटचा कोर्स मागून घ्या आणि मग निघा.

बायकोला विचारा म्हणतो ते औपचारिकता म्हणून नव्हे. इतकी वर्षं सासू-सासरे, पोरं, शेती, बँक सगळं तिनं एकटीनं ओढलेलं असतं. आणखी दोन वर्षं म्हणजे आणखी दोन वर्षं तिची. एका हवालदाराच्या बायकोने फोनवर मला सांगितलं होतं, ‘साहेब, पैशाचं मी बघते, पण सासऱ्यांच्या शेवटाला ह्यांनी असायला हवं.’ त्याने अनविलिंग लिहून दिलं. तो कागद मी आनंदाने पुढे पाठवला.

बोर्डानंतर

तुमच्या नावावर मंजुरी आली हे कुणाच्या तरी तोंडून कळेल. त्यावर समाधान मानू नका. रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आणि ऑर्डर स्वतः बघा. मंजुरीनंतरही शिस्त किंवा मेडिकल बिघडलं तर ती धोक्यात येऊ शकते, म्हणून पळणं चालू ठेवा आणि सुट्टीवरून वेळेत परत या.

नाकारलं गेलं तर कारण लेखी मागा. बहुतेक वेळा ते तीनपैकी एक असतं: कॅटेगरी, शिस्त, किंवा कागदातली चूक. कागदातली चूक असेल तर ऑर्डरच्या प्रती जोडून लगेच युनिटमार्फत अर्ज करा, कारण डिस्चार्जची तारीख थांबत नाही. अन्याय झालाय असं प्रामाणिकपणे वाटत असेल तर आर्मी ॲक्टच्या कलम २६ खाली तक्रार करता येते. तिथेही नकार आला तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं. आणि एकदा गणवेश उतरला की परत चढवून घेणं फार अवघड, म्हणून जे करायचं ते नोकरीत असतानाच सुरू करा. वकिलाकडे जाताना नकाराचं पत्र, मेडिकलचे कागद आणि पार्ट टू ऑर्डरांची यादी सोबत न्या.

फौजच हवी असेल आणि एक्सटेन्शन गेलं असेल, तर डिफेन्स सिक्युरिटी कोरची भरती बघा. तिचं सेंटर केरळात कन्नूरला आहे. पेन्शनीवर आलेल्या जवानाला तिथे पुन्हा गणवेश मिळतो, आणि पुरेशी नोकरी झाली तर तिची वेगळी पेन्शनही बसते. तिथेही वय, कॅटेगरी आणि डिस्चार्ज बुकातला कॅरेक्टरचा शेरा बघतात. डिस्चार्ज बुक हातात पडेल त्याच दिवशी तो शेरा, रँक, नोकरीची वर्षं आणि जन्मतारीख सेंटरमध्येच वाचून घ्या. चूक असेल तर गाडीत बसायच्या आधी दुरुस्त करून घेता येते.